विमानाचा कस

विट्याहून आबांचा फोन आला तेव्हा मी मिरजेत गिरणीसमोर दळणाची पिशवी धरून उभा होतो. "इंजिनेर, एक विमान घ्यायचं म्हणतोय. जुनंच हाय. बघून देतोस काय?"

आबा आमच्या थोरल्या काकांचे वर्गमित्र. चौदाव्या वर्षी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कोइमतूरला गेले, भट्टीपुढं बसून मोठे झाले. आता चार राज्यांत दुकानं. मी अठ्ठावीस वर्षं मुंबईत विमानांच्या देखभालीत घालवली, म्हणून गावात 'इंजिनेर'.

त्यांना आवडलेलं विमान म्हणजे हॉकर ८००एक्सपी, २००१ चं. मधल्या आकाराचं, आठ खुर्च्या. हॉकर बीचक्राफ्ट कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ही जात बनायचीच थांबली, त्यामुळं भाव उतरलेले. मुंबईतल्या एका बऱ्या फ्लॅटच्या पैशात जेट! आबा हरखले होते. मी म्हटलं, "आबा, हा नुसता विसार समजा."

खरा खर्च इंजिनांत. हनीवेलची टीएफई ७३१ इंजिनं ठराविक तास भरले की उघडावी लागतात, आणि दोन्हींचं मिळून बिल कोटींत. शहाणा मालक दर उड्डाणतासाला ठरलेली रक्कम कंपनीच्या एमएसपी या देखभाल-योजनेत भरत राहतो. एमएसपी म्हटल्यावर आबांना आधी हमीभावच आठवला. अशी योजना चालू असलेलं विमान महाग मिळतं, पण ते परवडतं. हे विमान योजनेत नव्हतं.

तपासणी अमेरिकेत, विचिटाला. आबा हट्टानं सोबत आले. इंजिनात बोरोस्कोप, म्हणजे आतलं दाखवणारा नळीचा कॅमेरा घातला, पडद्यावर टर्बाइनची पाती एकेक करून सरकायला लागली. तिसऱ्या-चौथ्या पात्याची कड करपलेली. मी बोलायच्या आत आबाच म्हणाले, "जळलंय की रं ते." भट्टीपुढं आयुष्य गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. मग टॉयलेटखालची फळी काढली. तिथं गंज निघाला. ओल झिरपते ती तिथंच, म्हणून मी कुठल्याही जुन्या विमानात आधी ती जागा बघतो.

तरी यातलं सगळं पैसे ओतून दुरुस्त झालं असतं. अडलं ते कागदावर. डाव्या इंजिनाच्या लॉगबुकात सलग चौदा महिन्यांच्या नोंदीच नाहीत. दलाल गोड हसून म्हणाला, किरकोळ बाब आहे. मी आबांना मराठीत सांगितलं, की त्या चौदा महिन्यांत कुठला भाग बसवला, किती तास उडालं, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. आपल्याकडं नोंदणीला अडेल आणि उद्या विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळणार नाही.

"म्हंजे हॉलमार्क नसलेलं बावीस कॅरेट," आबा म्हणाले. "दागिना बघून भाव करायचा नसतो, वितळवून करायचा. चल."

अनामत ओक्लाहोमा सिटीच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार ठरेपर्यंत तिऱ्हाइताकडं होती. अमेरिकेची विमाननोंदणी त्याच गावात, त्यामुळं असले व्यवहार तिथूनच होतात. तपासणीनंतर 'विमान पसंत' असं लिहून दिलं नव्हतं, म्हणून ती सगळी परत आली. तपासणीचे चाळीस लाख मात्र गेले.

परतताना विमानतळावर त्यांना जीएसटी सांगितला. सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर ४० टक्के. "सोन्याला तीन!" ते एवढ्या जोरात म्हणाले, की शेजारची बाई दचकली. आणि उतरवायचं कुठं? कराडची धावपट्टी १,२८० मीटरची, हॉकरला भरल्या टाकीनं उडायला दीड किलोमीटरहून जास्त लागते. सांगलीचं कवलापूर वर्षानुवर्षं फक्त बातम्यांतच उडतंय. राहिलं कोल्हापूर. म्हणजे विट्याहून आधी गाडीनं दोन तास.

मला वाटलं, विषय मिटला. काल रात्री आबांनी पेन ड्राइव्ह पाठवला, सेसना सायटेशन एक्सएलएसची लॉगबुकं, स्कॅन केलेली. सोबत चिठ्ठी: "ह्याला धावपट्टी कमी लागती म्हणं. पानं मोजून घे आधी."

दुपारपासून मोजतोय.