पाटणादेवीचं रान: झाडं बघायला जायचं असेल तर

पाटणादेवीला येणारे बहुतेक जण चंडिकेचं दर्शन घेतात, पावसाळा असेल तर धवलतीर्थाचा धबधबा बघतात आणि चाळीसगावला परततात. आम्ही या वेळी फक्त झाडांसाठी गेलो, तेही फेब्रुवारीच्या शेवटी, रान उघडंबोडकं झालेलं असताना. खानदेशातल्या कोरड्या जंगलाची ओळख करून घ्यायला माझ्या मते हाच काळ उत्तम. पानं गळली की खोडं दिसतात, आणि इथली निम्मी झाडं खोडावरूनच ओळखू येतात.

चाळीसगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे. तिथून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. एसटी आहे, पण परतीची वेळ स्टँडवर आधीच विचारून घ्या. चार-पाच जण असाल तर गाडी ठरवलेली बरी. हा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरूनच आत जावं.

सकाळी लवकर आत शिरा. पळस आणि काटेसावर दोन्ही फुललेले असतात आणि उजेड कोवळा असतो तोवर सावरीवर मैना, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड असते. खाली पडलेलं सावरीचं फूल हातात घेऊन बघा: जाड, मांसल, लालभडक पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचे जुडगे.

खरा वेळ द्यावा तो मात्र कांडोळ, सालई, धावडा आणि अंजन या चौघांना. कांडोळ लांबूनच कळतो. पांढरंफटक, गुळगुळीत खोड, कागदासारखी सुटणारी साल, आणि पान नसलेल्या फांद्यांच्या टोकांना तांबड्या फळांचे पाच पाकळ्यांचे तारे. फळं मखमली दिसतात, पण ती लव टोचते. मी हात पुढे केला तसे सोबतचे गावातले काका म्हणाले, "हात नका लावा भाऊ, खाज सुटी." खाजकुइलीच्या शेंगांचंही तेच, वाटेवर वेल लोंबत असेल तर मुलांना आधी सांगून ठेवा.

सालईची सालही पापुद्र्यांनी सुटते, पण रंग राखाडी-हिरवट. तिच्या डिंकाला धुपाचा वास येतो. धावड्याचं खोड फिकट राखाडी. आपल्या घरी डिंकाच्या लाडवात जातो तो डिंक याचाच. अंजनाला मात्र पानावरून ओळखावं. दोन पानोळ्या बुडाशी जोडलेल्या, बैलाच्या खुरासारख्या. शेंग चपटी, पातळ, आणि बी अगदी टोकाला, म्हणजे वाऱ्यावर गिरक्या घेत लांब जाऊन पडायला सोयीची. अंजनाचं लाकूड भारतातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी एक. असं झाड आपल्या उघड्या, खडकाळ टेकड्यांवर तग धरतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

ऊन चढल्यावर ओढ्याकाठी उतरा. तिथे अर्जुन आणि करंजाची सावली मिळते. दुपारी महेश्वराचं जुनं दगडी देऊळही बघून घ्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी पाटणला मठ स्थापला, त्याची नोंद असलेला शके ११२८चा शिलालेख पाटणचाच.

पाणी माणशी तीन लिटर तरी हवंच. जेवण बरोबर न्या. आमच्याकडे कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा होता, उन्हात तेच बरं पडतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट, टोपी. मोहोळं असतात, म्हणून अत्तर लावू नका आणि धूर करू नका. वर पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे चढायचं असेल तर गावातला वाटाड्या घ्याच, वाटा फुटतात. नवरात्रात गर्दी फार, तेव्हा झाडं बघणं होत नाही. हिरवं रान हवं असेल तर गणपतीनंतर या, मात्र तेव्हा दगड निसरडे असतात.

रानातून बी, साल, डिंक काही आणू नका. अभयारण्यात त्याला मनाई आहे. अंजन लावायचा असेल तर पावसाळ्याआधी जवळच्या रोपवाटिकेत चौकशी करा आणि रोप पिशवीत फार काळ ठेवू नका. त्याचं सोटमूळ झपाट्याने खोल जातं, पिशवीत ते वेटोळं झालं की झाड पुढे नीट धरत नाही.