सुई टोचल्यावर पुढे काय काय होतं: माझा अनुभव

पेशंटची वापरलेली सुई टोचली तर काय करायचं, हे लॅबमधल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. मीही सांगितलं असतं. नव्या मुलांना ते शिकवायचं काम माझ्याकडेच असतं. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं की भिंतीवरच्या तक्त्यातल्या एकेका ओळीसाठी कुणाला तरी फोन करावा लागतो, कुणाची तरी सही आणावी लागते आणि अधूनमधून आपल्याच माणसांशी हुज्जत घालावी लागते. तक्त्यावर हे लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहिते आहे.

संध्याकाळच्या पाळीत वॉर्डमधून सॅम्पल आली होती. एका पिशवीत एकाच पेशंटच्या दोन ट्यूब, एक जांभळ्या टोपीची, एक लाल. ट्यूब काढायला पिशवीत हात घातला आणि ग्लोव्हमधून बोटाच्या टोकाला टोचलं. बाहेर काढून पाहते तर बटरफ्लाय नीडल (रक्त घ्यायची पंखवाली बारीक सुई), नळीसकट, आणि नळीत रक्त. रक्त घेणाऱ्याने घाईघाईत ट्यूबबरोबर तीही पिशवीत सरकवली होती. वापरलेली सुई जागच्या जागी शार्प्सच्या (सुया-पात्यांच्या) डब्यात पडायला हवी. ती पिशवीत बसून लॅबपर्यंत येणं म्हणजे वाटेत ज्याचा ज्याचा हात लागेल त्या प्रत्येकाला धोका. त्या दिवशी हात माझा होता, इतकंच.

ग्लोव्ह काढला. बोटावर रक्ताचा बारीक ठिपका. नळाखाली हात धरून साबण लावेपर्यंत दोन्ही बाजूंनी सल्ले सुरू झाले. एकजण म्हणतोय, "दाब, दाब, रक्त काढून टाक." दुसरी स्पिरिटची बाटली घेऊन उभी. दोन्ही करायचं नसतं. बोट पिळल्याने विषाणू बाहेर पडतात याला काही आधार नाही, उलट तिथली कातडी आणखी दुखावते. स्पिरिट किंवा हायपो (जंतुनाशक ब्लीच) ओतलं की आग होते, फायदा काही नाही. साबण आणि वाहतं पाणी, बस. रक्त डोळ्यात उडालं असतं तर साबणही नाही, नुसतं पाणी, भरपूर वेळ.

मग आमचे सिनियर आले. माणूस मायेचा. म्हणाले, "अगं, आम्हाला आजवर किती वेळा टोचलंय, कुठे काय झालं? कशाला कागद वाढवतेस?" माझ्या मते लॅबमध्ये सुईपेक्षा हे वाक्य जास्त घातक आहे. टोचल्याची नोंदच केली नाही तर त्या दिवशीचं रक्त तपासलं जात नाही. त्या दिवशीचा रिपोर्ट हातात नसेल तर पुढे काही निघालंच तरी ते कामावर लागलं की आधीपासून होतं, हे कुणालाच सांगता येत नाही. "सर, फॉर्म भरू द्या," एवढंच म्हणाले आणि भरला. वेळ, सुई कसली, पोकळ की भरीव, रक्त दिसत होतं का, ग्लोव्ह होते का, टोचलं किती खोल, सुई कुणासाठी वापरलेली. हे प्रश्न उगाच नसतात. पोकळ सुईत रक्त साठतं, टाके घालायच्या भरीव सुईत तितकं नाही. आणि ग्लोव्हमधून जाताना सुईवरचं थोडं रक्त पुसलं जातं.

धोक्याचे आकडे पाठ होते; सुई ज्याची, त्याच्या रक्तात तो विषाणू असेल तर एकदा टोचल्याचे. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. हिपॅटायटिस सीची जुन्या अभ्यासांत साधारण १.८ टक्के, अलीकडच्या अभ्यासांत त्याहून बरीच कमी, ०.२ टक्क्यांच्या आसपास. एचआयव्हीची ०.३ टक्के. म्हणजे लोक सगळ्यात जास्त ज्याला घाबरतात, त्याची शक्यता बीच्या तुलनेत किती तरी कमी.

खरा कसोटीचा क्षण याच्या पुढचा. त्या पेशंटची लाल ट्यूब माझ्यासमोर रॅकमध्ये उभी होती आणि मशीन दोन पावलांवर. मैत्रीण हळूच म्हणाली, "लावून टाकू का? थोड्या वेळात कळेल." जिवावर आल्यासारखं झालं, पण नाही म्हणाले. त्या माणसाने रक्त दिलं होतं ते त्याच्या किडनीच्या तपासणीसाठी. त्याला न विचारता एचआयव्ही लावायचा आम्हाला अधिकार नाही, आणि त्याचे जुने रिपोर्ट संगणकात उघडून बघायचाही नाही. हे त्याच्या डॉक्टरांनी त्याला विचारून, त्याची संमती घेऊन करायचं. कुणीतरी असंही सुचवलं की सुईतलंच रक्त तपासू. तेही करत नाहीत. सुईतल्या रक्ताच्या रिपोर्टवर विसंबता येत नाही, आणि तपासणारा आणखी एकदा टोचून घेतो ते वेगळंच.

कॅज्युअल्टीत डॉक्टर मॅडमनी माझं रक्त घेतलं: एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची तपासणी), एचसीव्ही अँटिबॉडी (हिपॅटायटिस सीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). गरोदर असण्याची शक्यता आहे का, तेही विचारलं. पेशंटची संमती आणि रिपोर्ट यायला उशीर लागणार होता, म्हणून त्यांनी एचआयव्ही रोखणाऱ्या गोळीचा पहिला डोस तिथेच दिला. ही गोळी जितकी लवकर तितकी चांगली, आणि ७२ तास उलटून गेल्यावर सुरू करत नाहीत. घ्यायची झाली तर पूर्ण २८ दिवस. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं एकाच गोळीत. क्रिएटिनिन बघतात ते टेनोफोविर किडनीवर ताण देऊ शकतं म्हणून. मॅडमनी आणखी एक विचारलं जे मला सुचलं नसतं: कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीचं काही घेतेस का? लोहाची गोळी चालू होती. लोह आणि डोल्युटेग्राविर उपाशीपोटी बरोबर घेतलं तर औषध नीट शोषलं जात नाही. एक तर दोन्ही जेवणाबरोबर घ्यायचं, नाहीतर ही गोळी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

हिपॅटायटिस बीचं प्रकरण मात्र मिनिटभरात मिटलं, आणि त्याचं श्रेय त्या दिवशीच्या कुणालाच नाही. नोकरीला लागले तेव्हा लसीचे तीन डोस झाले होते, ०, १ आणि ६ महिने असे. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या त्याची तपासणी, करून घेतला होता, तो १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटरच्या बराच वर होता. तो कागद फाइलमध्ये होता. मॅडमनी बघितला आणि बीवर रेघ मारली. इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) नको, बूस्टर नको.

इथे जरा थांबते, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. टायटर वर्षांनुवर्षं खाली येत जातो. दहा वर्षांनी तपासला तर १० च्या खाली दिसू शकतो. पण एकदा तो १० च्या वर गेलेला होता हे लेखी असेल, तर निरोगी माणसाच्या शरीराला लस आठवते, संरक्षण कायम धरतात. कागदच नसेल आणि आज टायटर कमी आला, तर लस लागूच पडली नव्हती की लागू पडून आकडा उतरलाय, हे त्या रिपोर्टवरून ठरत नाही. मग इंजेक्शनं, परत डोस, परत तपासणी. लस घेतलेल्यांतही काहीजणांना ती लागू पडत नाही, म्हणून टायटर वेळेवर करायचा असतो. "आम्हाला किती वेळा टोचलंय" म्हणणाऱ्या सरांना मी दुसऱ्या आठवड्यात विचारलं, तर त्यांनी टायटर कधी केलाच नव्हता. गेले आणि करून आले.

दुसऱ्या दिवशी पेशंटचे रिपोर्ट कळले. एचआयव्ही नॉन-रिअॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. नजीकच्या काळात संसर्ग झाला असण्यासारखं काही नाही ना, याची डॉक्टरांनी चौकशी केली आणि माझी गोळी बंद केली. पण एचसीव्ही अँटिबॉडी रिअॅक्टिव्ह. अँटिबॉडी असणं म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला. आज रक्तात आहे का, ते आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) तपासणीत कळतं. काही लोकांच्या शरीरातून तो आपोआपही जातो. आरएनए व्हायच्या आत पेशंटला डिस्चार्ज मिळाला होता. त्यामुळे सुईत विषाणू होता असंच धरून चालायचं ठरलं.

आणि हिपॅटायटिस सीला ना लस आहे, ना टोचल्यावर घ्यायची गोळी. इम्युनोग्लोब्युलिनचाही उपयोग नाही. वाट बघायची. तीन ते सहा आठवड्यांत आरएनए, मग चार ते सहा महिन्यांनी शेवटची अँटिबॉडी. अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांतच सापडू लागतो, म्हणून आधी आरएनए. मला धीर मिळाला तो एकाच गोष्टीने: लागण झालीच तर आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर चालायची आणि तरी खात्री नसायची.

घरी सांगितलं. नवऱ्याचा पहिला प्रश्न, "मुलांना जवळ घेतलेलं चालेल ना?" चालतं. जेवण, भांडी, मिठी, कशानेच काही होत नाही. टूथब्रश आणि रेझर वेगळे, रक्तदान बंद, इतकंच. कामही थांबवायला लागत नाही. मी दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर होते.

माझं रक्त तपासायचं कुठे, हा वेगळाच घोळ. सिरॉलॉजीला (या अँटिबॉडी तपासण्यांच्या विभागात) बसणारी मुलं माझ्याच पाळीतली. पहिल्या ट्यूबवर माझं पूर्ण नाव छापून आलं, ते मी तिथल्या तिथे बदलून कोड नंबर लावून घेतला. पुढच्या तपासण्या बाहेरच्या लॅबमध्ये पाठवायला लावल्या. थोडी कटकट वाटली लोकांना, वाटू दे. नोंद करायला लोक कचरतात त्यातलं निम्मं कारण हेच असतं, की उद्या चहाच्या वेळी सगळ्यांना माहीत होईल.

आरएनए निगेटिव्ह आला. शेवटची अँटिबॉडीही नॉन-रिअॅक्टिव्ह. फॉर्मवर "क्लोज्ड" लिहून सही झाली.

दरम्यान वॉर्डमधून आलेली सॅम्पल लॅबमध्ये उतरवून घेण्याची पद्धत बदलली. आता पिशवीत हात घालायचा नाही. उजेडासमोर धरून बघायची आणि ट्रेमध्ये ओतायची. सुई निघाली तर चिमट्याने उचलून डब्यात, आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. वाद झाला तो सॅम्पलवरून. माझं म्हणणं होतं, सुई असलेली पिशवी सरळ परत पाठवा. पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, म्हणजे वॉर्डच्या चुकीसाठी पेशंटला परत टोचायचं? आणि परत टोचणं म्हणजे आणखी एक सुई. त्यांचं बरोबर होतं. आता सॅम्पल घेतो, वॉर्डच्या इन्चार्जला त्याच क्षणी फोन करतो आणि घटनेचा फॉर्म त्या वॉर्डच्या नावाने भरतो. पहिले काही दिवस फोनवर बोलणी खाल्ली, मग पिशव्या स्वच्छ येऊ लागल्या.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पहिल्या डोसच्या गोळ्या कॅज्युअल्टीतल्या कपाटात असतात आणि रात्री किल्ली कुणाकडे आहे हे दर पाळीला बदलतं. म्हणून मी रात्रपाळीला आले की आधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारून फळ्यावर त्यांचं नाव आणि एक्स्टेन्शन लिहिते, आणि महिन्यातून एकदा जाऊन गोळ्यांची एक्स्पायरी बघून येते. तिथल्या सिस्टर हसतात. लेखी अर्ज दोनदा दिलाय, तिसरा या आठवड्यात देणार आहे.