फ्रान्सिस वेलँड नेमके कोणते?

दोन खंडांचं चरित्र, १८६७ सालचं, न्यूयॉर्कला छापलेलं. लेखक फ्रान्सिस वेलँड आणि चरित्रनायकही फ्रान्सिस वेलँड. आमच्या ग्रंथालयाच्या तालिकेत दोघांचा एकच माणूस झाला होता, आणि तो १८६५ साली वारलेला. मरणोत्तर छापलेलं आत्मचरित्र म्हणून ते सहज खपून गेलं असतं.

चूक जुन्या कार्डांवरून संगणकात नोंदी भरतानाची. हे काम नोंदीमागे पैसे ठरवून दिलं, की जन्ममृत्यूची सालं हमखास गळतात. सॉफ्टवेअर फक्त अक्षरं जुळवतं, त्यामुळे सालाशिवाय नाव म्हणजे अर्धंच नाव.

दुरुस्ती अशी केली. संगणकातल्या नोंदीत प्रत्येक माहितीला क्रमांकाचा एक रकाना असतो, त्याला टॅग म्हणतात. लेखकाच्या १०० क्रमांकाच्या टॅगमध्ये मुलगा, वेलँड, फ्रान्सिस, १८२६–१९०४. हे पुढे अमेरिकेतल्या येल लॉ स्कूलचे डीन झाले. ७०० मध्ये सहलेखक, धाकटे बंधू हेमन लिंकन वेलँड, १८३०–१८९८. विषय म्हणून ६०० मध्ये वडील, १७९६–१८६५. त्या वडिलांचे वडीलही फ्रान्सिसच, चामडं कमावायचा धंदा सोडून बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक झालेले. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात, मध्ये एक पिढी जाते, म्हणून थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. इथे बाप-लेकाचं नाव एक, आडनाव एक आणि दोघेही लिहिणारे.

अशा वेळी सगळ्या नोंदी एका फटक्यात बदलायचा मोह आवरावा. नीतिशास्त्रावरचं १८३५ चं आणि अर्थशास्त्रावरचं १८३७ चं पुस्तक वडिलांचं, ती बरोबर जागी जातात. पण मुलाचं लेखनही त्यांच्याबरोबर वडिलांच्या नावावर जाऊन बसतं. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन शीर्षकपृष्ठ पाहावंच लागतं.

हे सगळं उरकलं. अडकलो ते वर्गांकावर, म्हणजे पुस्तक फडताळावर कुठे ठेवायचं ते सांगणाऱ्या विषयाच्या आकड्यावर. ग्रंथालयांच्या ड्युई पद्धतीत बाप्टिस्ट पंथ २८६, उच्च शिक्षण ३७८. संगणकात विषय हवे तेवढे देता येतात, फडताळावर मात्र पुस्तकाला एकच जागा. चरित्रनायक वेलँड १८२१ पासून बोस्टनच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचे पास्टर, म्हणजे धर्मोपदेशक, होते आणि १८२७ ते १८५५ ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष. सालं मोजली तर ३७८. मी तोच दिला, आणि चरित्र चाळताना हात थांबला.

ब्राउनच्या १७६४ च्या सनदेतच अध्यक्ष बाप्टिस्ट असावा अशी अट होती. ३६ विश्वस्तांपैकी २२ बाप्टिस्ट. म्हणजे एक पेशा सोडून दुसरा धरला असं नव्हतंच. आल्या आल्या त्यांनी नियम केला की प्रत्येक अध्यापकाने कॉलेजच्या इमारतीत राहावं आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर जाऊन त्यांची विचारपूस करावी. पास्टर आपल्या मंडळीच्या घरोघरी जातो, तेच हे. वैद्यकाचे प्राध्यापक शहरात दवाखाना चालवणारे. त्यांना ते जमणारं नव्हतं. १८११ मध्ये सुरू झालेला वैद्यकीय अभ्यासक्रम तेवढ्यावरून बंद पडला. हा निर्णय मला चुकीचा वाटतो, पण तो कुठून आला ते दिसतं. वर्गात पाठ्यपुस्तक उघडायचं नाही, युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडायचा, हाही त्यांचाच नियम. त्याबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे.

आणि तोच माणूस १८५० च्या अहवालात लिहितो, की देशात १२० कॉलेजं, ४२ धर्मशिक्षण संस्था, ४७ कायद्याच्या शाळा आहेत, पण शेतकरी, कारखानदार, कारागीर, व्यापारी यांना त्यांच्या कामाचं शिक्षण देणारी एकही संस्था नाही. त्या अहवालावर ब्राउनमध्ये विषयनिवडीची मोकळीक आली, सव्वा लाख डॉलरचा निधी उभा राहिला. नंतरचे अध्यक्ष बार्नस सीअर्स, तेही बाप्टिस्ट धर्मोपदेशक, त्यांनी यातलं बरंच मागे घेतलं. वेलँड १८५७ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमध्ये पुन्हा पास्टर म्हणून उभे राहिले.

दोन्ही खंडांच्या शीर्षकपृष्ठामागे ३७८ पेन्सिलने लिहिलं आहे. पाठीवरची वर्गांकाची चिठ्ठी अजून चिकटवलेली नाही.