यवतेश्वरचा घाट उतरण्याची तयारी

पावसाळा सुरू झाला की साताऱ्यात पळणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात घाटाचा विषय निघतोच. ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ २०१२ पासून आपल्या शहरात भरते आणि तिचे २१.१ किलोमीटर मैदानी शहरांतल्या २१.१ किलोमीटरसारखे नाहीत. शहरातून निघून समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर पुढे जाऊन परत फिरायचे आणि त्याच वाटेने खाली यायचे, असा हा मार्ग आहे. मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळा, घर, पेपर तपासणी यांतून उरलेल्या वेळात पळते. पाच-दहा किलोमीटर सहज पळणाऱ्या, पण एवढ्या लांब शर्यतीचा विचार पहिल्यांदाच करणाऱ्या माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी हे लिहीत आहे.

घाट म्हटले की प्रत्येकाच्या मनात चढाची धास्ती असते. मला मात्र ठामपणे असे वाटते की या शर्यतीसाठी खरी तयारी उताराची करावी लागते. चढ माणसाला आपोआप सावरतो, कारण धाप लागली की पाय मंदावतात आणि शरीर स्वतःच मर्यादा घालून देते. उतारावर असा कोणताही लगाम नसतो. श्वास शांत असतो, वेग फुकट मिळाल्यासारखा वाटतो आणि मांड्यांचे नुकसान होत असताना त्याची जाणीवच होत नाही. उतारावर प्रत्येक पावलागणिक मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरत असतो. आखडत काम करणाऱ्या स्नायूपेक्षा लांबत काम करणाऱ्या स्नायूवर अधिक ताण पडतो, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि पायांतली ताकद कमी होऊ लागते. म्हणूनच घाट उत्तम चढलेली माणसे समर्थ मंदिराच्या पुढे, जवळजवळ सपाट रस्त्यावर, एकाएकी चालू लागलेली दिसतात. दम शिल्लक असतो, पण मांड्या साथ देत नाहीत.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे. स्नायूला उताराचा मार एकदा बेताने बसला की तो त्यातून सावरताना पुढच्या वेळेसाठी अधिक कणखर होतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत उतारावर पळण्याचा सराव थोडा-थोडा वाढवत न्यावा. आपल्याला त्यासाठी लांब जावे लागत नाही. अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे चालायला जाणारे शेकडो लोक आहेत. त्यांच्यासोबत रस्त्याने वर चालत जावे आणि खाली येताना हलकेच पळावे, एवढ्यानेही सुरुवात होते. पहिल्या खेपेनंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतील, पण दोन-तीन आठवड्यांनी तोच उतार उतरल्यावर दुखणे बरेच कमी झालेले जाणवेल. त्यानंतर यवतेश्वरच्या घाटातला सराव सुरू करावा. मात्र उताराचा शेवटचा मोठा सराव शर्यतीच्या साधारण दोन आठवडे आधी संपलेला असावा, म्हणजे स्नायूंना भरून यायला वेळ मिळतो.

उतरण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. वेग रोखण्यासाठी मागे झुकून टाच पुढे आपटत उतरण्याकडे बहुतेकांचा कल असतो, पण त्या पद्धतीत प्रत्येक पाऊल ब्रेक लावल्यासारखे पडते आणि त्याचा धक्का थेट गुडघ्यापर्यंत जातो. पावले आखूड आणि भरभर टाकावीत, पाय शरीराच्या फार पुढे न टाकता जवळजवळ खालीच टेकावा, गुडघा किंचित वाकलेला असावा, हात तोल सांभाळण्यासाठी थोडे मोकळे ठेवावेत आणि नजर पायांपाशी न ठेवता काही मीटर पुढे ठेवावी. सप्टेंबरच्या सुमारास घाटात धुके असते, रस्ता ओला असतो, कडेला शेवाळ असते आणि वळणांवर गाड्यांचे तेल सांडलेले असते, म्हणून वळणावर वेग मुद्दाम कमी करावा.

चढाबद्दल थोडक्यात सांगते. सपाट रस्त्यावरचा वेग चढावर टिकवण्याचा प्रयत्न करू नये. श्वासाचा वेग सारखा ठेवावा आणि पायांचा वेग त्याला अनुसरून कमी होऊ द्यावा. तीव्र चढावर चालण्यात काहीही कमीपणा नाही, कारण दमदार चालणारा आणि धापा टाकत पळणारा यांच्या वेळेत तिथे फारसा फरक पडत नाही, परंतु माथ्यावर पोहोचल्यावर दोघांच्या पायांत उरलेल्या ताकदीत मोठा फरक असतो.

आता पायाभूत सरावाकडे वळते. सातारा हा सैन्याची आणि पोलिसांची परंपरा असलेला जिल्हा आहे, त्यामुळे पहाटे कोणत्याही मैदानावर जा, भरतीची तयारी करणारी मुले-मुली जीव तोडून पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर वेळेत पळावे लागते. त्यांचे कष्ट पाहून मन भरून येते, आणि त्यांच्या आयुष्याचा प्रश्न त्या काही मिनिटांवर ठरत असल्याने त्यांचा सराव तसाच असायला हवा. पण त्यांना पाहून हौशी माणसाला वाटू लागते की पळणे म्हणजे दम निघेपर्यंत पळणे. अडीच-तीन तासांच्या शर्यतीची तयारी याच्या उलट दिशेने होते. आठवड्यातले बहुतेक पळणे इतके सावकाश असावे की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. एकटीने पळताना मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहण्याऐवजी एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हणते, आणि तो मध्येच श्वास तुटू न देता म्हणता आला तर वेग योग्य आहे असे समजते. या सावकाश पळण्यानेच स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, पेशींची प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करण्याची क्षमता वाढते आणि शरीर साठवलेली चरबी इंधन म्हणून अधिक वापरू लागते. जलद पळणे आठवड्यातून एकदा, तेही थोडे, पुरेसे आहे.

आठवड्यातून चार दिवस पळणे नोकरी करणाऱ्या माणसाला जमते. त्यातला एक दिवस, बहुधा रविवार, लांब अंतरासाठी राखून ठेवावा. हे अंतर हळूहळू सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत न्यावे आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी पळावे. दम लवकर वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात, पण हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश बळकट होतात. दम वाढला म्हणून अंतर झपाट्याने वाढवले की नडगीचे, टाचेचे आणि गुडघ्याचे दुखणे सुरू होते, त्याचे कारण हेच आहे. ज्या दिवशी पळायचे नाही त्या दिवशी दहा-पंधरा मिनिटे घरच्या जिन्यावर व्यायाम करावा. पायरीवर उभे राहून एक पाय अगदी सावकाश खालच्या पायरीकडे नेणे आणि पुन्हा वर घेणे हा उताराच्या तयारीचा सर्वोत्तम घरगुती व्यायाम आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून टाचा खाली-वर केल्याने पोटऱ्या आणि टाचेमागची शीर बळकट होते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. स्त्रियांना माझे वेगळे सांगणे आहे, ते असे की हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर स्नायूंपर्यंत पुरेसा प्राणवायूच पोहोचत नाही, आणि अशा वेळी किती तरी मैत्रिणी आपल्यात जिद्द नाही असे समजून पळणे सोडून देतात. औषध डॉक्टर सांगतील ते घ्यावे, पण जेवणाबरोबर चहा घेणे आजच थांबवावे, कारण चहामुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी भागातल्या गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला होता. स्टीपलचेसकडे वळण्यापूर्वी ती लांब पल्ल्याच्या शर्यती पळत होती. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे दरवर्षी सांगते, आणि इथेही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या शर्यतीचा सराव भर पावसात होतो, म्हणून कपड्यालत्त्याचा विचार गंभीरपणे करावा. सुती मोजे पाणी धरून ठेवतात आणि ओल्या मोज्यांत तासाभरात फोड येतात, त्यामुळे पाणी न धरणारे सिंथेटिक मोजे घ्यावेत. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पायांच्या बोटांमध्ये व्हॅसलिन लावावे. भिजलेले बूट चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नयेत, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये कासच्या फुलांसाठी येणाऱ्या गाड्यांची रीघ यवतेश्वरच्या रस्त्यावर लागते, विशेषतः शनिवारी-रविवारी. त्या दिवसांत उजाडता-उजाडता घाटात पोहोचावे, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळावे, भडक रंगाचा शर्ट घालावा आणि कानात गाणी लावू नयेत. अंधारात एकटीने घाटात जाऊ नये.

खाण्यापिण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठवतात, आणि जोमाने पळल्यास हा साठा दीड-दोन तासांत ओसरू लागतो. हौशी माणूस त्याहून अधिक वेळ रस्त्यावर असतो, म्हणून पळताना दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असतात. केळी, खजूर, गुळाची राजगिऱ्याची चिक्की, यांपैकी जे आपल्या पोटाला पळताना मानवते ते रविवारच्या सरावात खाऊन पाहावे, कारण शर्यतीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ पोटात जाता कामा नये. थंड हवेत तहान चटकन जाणवत नाही तरी घाम जातोच. दुसरीकडे, भीतीपोटी वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर साधे पाणी भरपूर पीत राहणेही धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम विरळ होते. तहानेप्रमाणे प्यावे आणि त्यात मीठ-साखरेचे लिंबूपाणी किंवा ओआरएस असावे. आदल्या रात्री भाकरी आणि मोड आलेल्या उसळीऐवजी मऊ वरण-भात आणि बटाट्याची भाजी खावी, म्हणजे सकाळी पोट हलके राहते. आपले कंदी पेढे खव्याचे, म्हणजे स्निग्धांशाचे असल्याने पळताना पचायला जड पडतात. ते शर्यत संपल्यावर मनसोक्त खावेत.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर कमी करावे, पण पळणे बंद करू नये. राहून गेलेला सराव या दिवसांत भरून काढण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो हमखास अंगाशी येतो. शर्यतीच्या सकाळी शहरातल्या पहिल्या काही किलोमीटरांत ढोल-ताशे, टाळ्या आणि आजूबाजूची गर्दी माणसाला नकळत पुढे ढकलते. तिथे बोलता येण्याइतकाच वेग ठेवावा. घाट उतरताना मांड्यांवर भार जाणवू लागला की पावले आणखी आखूड करावीत. वेळेचा विचार घाट संपून शहरात आल्यावर करावा.

पळून झाल्यावर लगेच बसून न राहता दहा मिनिटे चालावे, ओले कपडे बदलावेत आणि तासाभरात भात-आमटीसारखे पोटभर काही खावे. वेदनाशामक गोळी घेण्याची घाई करू नये, कारण शरीरातले पाणी कमी झालेले असताना काही वेदनाशामके मूत्रपिंडांवर ताण आणतात. मांड्यांचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरत जाते. दोन्ही पायांत सारखे, पसरलेले दुखणे म्हणजे स्नायूंचे दुखणे होय, आणि ते विश्रांतीने जाते. पण एकाच जागी, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल, किंवा गुडघा सुजला असेल, तर पुढचे पळणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.