पाहुण्याकडनं जेवणाचे पैसे घेतोस व्हय रे? (आमची वाटचाल)

कोल्हापुरात लोकांना फिरवायचं, खायला घालायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे असा धंदा सुरू करतोय म्हणून घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न हाच होता, "पाहुण्याकडनं जेवणाचे पैसे घेतोस व्हय रे?" तिचं चुकीचं नव्हतं, आमच्याकडं दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही आणि मी त्याचंच बिल फाडायला निघालो होतो.

तेव्हा मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये हिशेब लिहायचो. पुण्या-मुंबईचे मित्र, मग मित्रांचे मित्र, सगळे अंबाबाईचं दर्शन झालं की फोन करायचे, कुठं जेवू? रविवार सगळा त्यात जायचा. २०१७ ला बायको म्हणाली की एवढं फिरवतोयस तर निदान पेट्रोल तरी निघू दे, आणि तिनंच मोबाईलवर एक पोस्ट टाकली, तीच आमची जाहिरात.

पहिली बॅच चौघांची. मी उत्साहात अकरा ठिकाणं ठरवलेली. तिसऱ्या ठिकाणी एक काका खुर्चीतनं उठेचनात, म्हणाले आता मला फक्त सोडा द्या. उरलेली आठ ठिकाणं आम्ही बाहेरनं दाखवली, म्हणजे हे बघा इथं भेळ चांगली मिळते वगैरे. लाज वाटली पण त्यातनं एक गोष्ट कळली, हे शहर घड्याळावर खातं आणि आम्ही ते सगळं एका दुपारी कोंबत होतो. मिसळ सकाळची. उद्यमनगरात फडतरेंकडं जा नाहीतर आपल्या पेठेतल्या कुणाकडंही जा, कट गरम असतो तोवर मजा, आणि सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड, यावरनं पुण्याचे लोक दरवेळी वाद घालतात. मटणाचं ताट दुपारी नाहीतर रात्री. संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ, आणि शेवट गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर, म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर हा एवढा फेस. त्यामुळं आता आम्ही दिवसाचे दोन भाग करतो, सकाळी दोन तास, मध्ये हॉटेलवर जाऊन झोपा, संध्याकाळी परत या. झोपेचा वेळ पॅकेजमध्ये धरलेला आमच्याशिवाय कोण असेल वाटत नाही. (कच्चं दूध सोसत नसेल त्याला आम्ही आधीच नको म्हणतो, हेही एकदा अंगाशी आल्यावरच शिकलो.)

सगळ्यात जास्त वेळ जातो तो "तिखट" या शब्दावर. लोक येतात ते घाम फुटायच्या तयारीनं. मग आम्ही त्यांना एका मावशींच्या खानावळीत मागच्या दारानं चुलीजवळ नेतो. मटण आधी हळद-मीठ घालून शिजवतात, ते अळणी पाणी वेगळं काढतात, त्याचाच नारळाचं दूध, तीळ, खसखस लावून पांढरा रस्सा होतो आणि चटणी पडली की तांबडा. चटणी म्हटलं की पाहुणे ओली चटणी शोधतात, आमच्यात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात वर्षाची कांडून ठेवलेली. रंग ब्याडगीचा असतो, दिसतो तेवढा तो जाळत नाही. हायवेवरचं बोर्ड लावून विकलं जाणारं लालभडक "कोल्हापुरी" काहीतरी खाऊन आलेला माणूस पहिला घोट घेतो आणि म्हणतो, अरे हे तर गोडसर लागतंय! तिथं आमचे पैसे वसूल.

कमिशन आम्ही कुणाकडनं घेत नाही. सुरुवातीला एका मोठ्या हॉटेलानं माणशी रेट देऊ केलता, दोन महिने घेतला पण, आणि नंतर लक्षात आलं की रस्सा बिघडला तरी मला भारीच म्हणावं लागतंय. सोडलं.

२०१९ च्या ऑगस्टला पूर आला, शिरोलीजवळ हायवेवरच पाणी, गाव तुटलं, सगळी बुकिंगं परत. त्यातनं सावरतोय तोवर २०२० चा लॉकडाऊन. नोकरी मी आदल्याच दिवाळीत सोडलेली, काय बोलणार. तेव्हा जुन्या पाहुण्यांचे मेसेज यायला लागले, चटणी पाठवता का? बायकोनं आणि आईनं (हो, त्याच आईनं) अन्नपरवाना काढायला लावला आणि किलो-किलोची पाकिटं सुरू केली. पहिल्या खेपेला निम्मी पाकिटं कुरिअरात फुटली, एका ठाण्याच्या ताईंच्या सोसायटीचा वॉचमन दिवसभर शिंकत होता म्हणे. मग डबल पिशवी. आज वर्षाचं निम्मं उत्पन्न चटणीचं आहे, फिरवण्याचं नाही, हे आम्हालाही पटायला वेळ लागला.

श्रावणात मटण बंद म्हणजे धंदा बंद असं पहिली दोन वर्षं होतं. आता त्या महिन्यात नृसिंहवाडीला नेतो, बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी, आणि पंधरा ऑगस्टला कोल्हापुरात असाल तर जिलेबी, त्या दिवशी इथं घराघरात जिलेबी असते, चौकाचौकात कढया लागतात. उलट आषाढात त्र्यंबोली देवीच्या यात्रेला पी ढबाक, म्हणजे यात्रेचं पारंपरिक वाद्य, वाजत असतं, पेठेत मंगळवार-शुक्रवार मटणाच्या पंगती, पण तिथं आम्ही तिकीट लावत नाही. ते घरचं जेवण आहे, ओळखीनं आलात तर या.

यंदा थंडीत पाहुण्यांना गुऱ्हाळावर न्यायला सुरू केलंय. काहिलीतला (मोठ्या कढईतला) उसाचा रस उकळून गुळाचा रवा, म्हणजे ढेप, होईपर्यंत तीन तास जातात, पोरं गरम काकवीत बोटं घालून भाजून घेतात, तरी मागे हटत नाहीत. दोघांना आता झेपत नाही म्हणून भाच्याला हाताखाली घेतलंय. माहिती चांगली देतो पण पाहुण्यांच्या आधी स्वतःच जेवायला बसतो, परवा आठ जणांच्या बॅचला नऊ ताटांचं बिल आलं.