फडकी

नागावच्या एका बंगल्यावरून फोन आला, "मिस्त्री, ग्रिलचं काम आहे." मला वाटलं खिडकीचं ग्रिल, म्हणून सांगितलं की ते वेल्डिंगवाल्याचं काम, मी सुतार. पलीकडून मॅडम हसल्या. जाऊन बघितलं तर कोळशाची शेगडी. तीन पायांवर गोल काळं भांडं, 22 इंच व्यास, वर घुमटासारखं झाकण. तिच्या बाजूला त्यांना लाकडी शेल्फ हवं होतं, ताटं, चिमटे, मॅरिनेशनचे डबे ठेवायला. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवला होता. त्यातली फळी भांड्याच्या काठाला चिकटलेली.

आम्ही अलिबागकडची पोपटीवाली माणसं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उलटं ठेवून वर जाळ करायचा आणि शेतातच बसून खायचं. त्याला शेल्फ लागत नाही. पण गिऱ्हाइकाला हे सांगून घर चालत नाही.

"मॅडम, आधी कोळसे पेटवा," मी म्हटलं.

पेटलेल्या शेगडीजवळ सागाचा एक तुकडा इंचभर अंतरावर विटांवर टेकवून ठेवला. अर्ध्या तासात त्याची शेगडीकडची कड तपकिरी झाली आणि करपल्याचा वास सुटला. ज्वाला एकही नव्हती. लाकूड पेटायला अडीचशे-तीनशे अंश लागतात म्हणून निर्धास्त राहणारे असतात. पण रोज थोडं थोडं भाजलेलं लाकूड कोळशासारखं होत जातं आणि मग कमी उष्णतेतही धुमसू शकतं. चार इंचांवर हात धरला तर धरवत होता, पण फार वेळ नाही. मध्ये पत्रा धरला आणि चटका एकदम कमी झाला. तिथंच डिझाइन ठरलं.

शेल्फ शेगडीला जोडायचं नाही. तीन पायांची ती, एका बाजूला वजन आलं की लवंडणार, आणि आत निखारे. म्हणून शेल्फला स्वतःचे चार पाय दिले. फळ्यांची शेगडीकडची कड भांड्याच्या गोलाईप्रमाणे कापली, चार इंच मोकळे सोडून. त्या कडेला स्टीलचा पत्रा, पण लाकडाला चिकटवून नाही. मध्ये नळीचे तुकडे घालून इंचभर पोकळी ठेवली, वरून-खालून उघडी. तापलेली हवा वर निघून जाते, खालून गार हवा येते. पत्रा लाकडाला चिकटवला असता तर तोच तव्यासारखा तापला असता.

लाकूड मोडलेल्या जुन्या घराच्या चौकटीचं, साग, वर्षानुवर्षं वाळलेलं. तरी दोन फळ्यांत दोन सूत फट ठेवली, म्हणजे पाव इंच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते, आणि पाणीही खाली निघून जातं. स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. दुकानदार म्हणाला, "304 घ्या ना, दिसायला सारखेच." दिसायला सारखेच, पण 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते टिकतं. साधा लोखंडी स्क्रू तर सागात गेला की भोवती काळा डाग पाडतो.

शेवटचं काम तेलाचं. व्हार्निश उन्हात पापुद्रे सोडतं म्हणून मी बेलतेल लावतो, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. दुपारी मी आणि कामावरच्या पोऱ्यानं दोन हात मारले, जादा तेल सुती फडक्यांनी पुसून घेतलं आणि कारखाना बंद करून घरी आलो.

संध्याकाळी चष्मा विसरला म्हणून परत गेलो. दार उघडलं आणि तोच करपट वास. पहिल्यांदा बघितलं शेल्फकडे. तिथे काही नाही. वास कोपऱ्यातून येत होता, जिथे पोऱ्यानं सगळी फडकी गोळा करून भुशाच्या बादलीत दाबून ठेवली होती. नीटनेटका मुलगा. बादलीला हात लावला तर गरम, आणि भुशातून धुराची बारीक रेघ. बादली अंगणात नेऊन ओतली तर वारा लागल्याबरोबर मधलं फडकं लाल झालं. हौदातलं पाणी मारलं.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते; चुरगळून कोंबलेल्यात साठत जाते, काडी न ओढता पेट घेते. हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं मी माझी फडकी दोरीवर पसरतो. ते का, हे मात्र पोऱ्याला एकदाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून आला, तेव्हा त्याला ओरडायला मला तोंडच नव्हतं.

तेल वाळल्यावर शेल्फ नागावला बसवलं. मॅडमनी कोळसे पेटवले, झाकण टाकलं, तासाभरानं मी फळीच्या कडेला खालून हात लावला. कोमट. पायाला एक ओरखडा पडला होता, तेवढ्यावर तिथंच तेल फिरवलं.

पोऱ्या फडकी गोळा करून कुंपणाच्या तारेवर एकेक उलगडत होता. मोजली, परत मोजली.

"काका, चार आणली होती ना? तीनच आहेत."

चौथं माझ्या खांद्यावर होतं.