बदकांच्या शिकारीचा सीझन तोंडावर आलाय, रेफ्युजवर पाणी चढतंय

गेल्या रविवारी पहाटे इथे कॅलिफोर्नियात विलोजला जाऊन आलो. बंदूक नेली नव्हती, नुसती दुर्बीण आणि चहाचा थर्मास. फॉल्समपासून दीड-पावणेदोन तास लागतात. सॅक्रामेंटो नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युजमध्ये गाडीतून फिरायला साधारण सहा मैलांचा रस्ता केलेला आहे, त्याच्या पहिल्याच वळणावर गाडी बंद केली, काच खाली घेतली आणि अंधारातनं आवाज आला. तलवार बदकाचा नर बदकासारखा ओरडत नाही, बारीक शिट्टी मारतो, लहान पोरं पेनाच्या टोपणात फुंकतात ना, अगदी तशी. मग हळूहळू उजाडलं आणि दिसलं की मागच्या महिन्यात कोरडी ठणठणीत असलेली तळी भरलीयत, घोटा-दीड घोटा पाणी असेल, आणि त्यात शे-दोनशे बदकं डोकी खाली, शेपट्या वर करून चरतायत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण गावाकडच्या मित्रांना हे सांगितलं की ते आधी गप्प होतात. रेफ्युज म्हणजे अभयारण्यच, पण इथे अभयारण्याच्या ठराविक भागात, ठराविक दिवशी बदकांची शिकार चालते आणि ती कायदेशीर आहे. १९९७ च्या कायद्यात रेफ्युजवर लोकांना काय काय करता येईल त्याची यादी आहे, पक्षी बघणं, फोटो काढणं, मासेमारी, पर्यावरण शिक्षण, निसर्गाची माहिती देणं आणि शिकार, सगळं एकाच यादीत. मात्र पक्ष्यांना पूर्ण आसरा म्हणून राखलेल्या रेफ्युजवर साधारणपणे जास्तीत जास्त ४० टक्के जागाच शिकारीला खुली करता येते, बाकीच्या भागात बंदूक न्यायची नाही. पक्ष्यांना ती हद्द बरोब्बर कळते. सीझनमध्ये पहिला बार झाला की दहा मिनिटांत हजारो पक्षी बंद भागात जाऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत तिथनं हलत नाहीत.

मी निफाड तालुक्यातला. नांदूर मधमेश्वरला आण्णांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून जायचो, चापडगावच्या बाजूनं, तेव्हा मनोरे-बिनोरे नव्हते. तलवार आणि थापट्या ही नावं मला आण्णांनी शिकवली. थापट्याची चोच फावड्यासारखी आणि तलवारची शेपटी लांब टोकदार, एवढं कळलं की झालं. आता गंमत बघा, इथे कॅलिफोर्नियात लोक ज्याला स्पूनी म्हणतात तो आपला थापट्या, आणि ज्याला स्प्रिग म्हणतात ती आपली तलवार. जात तीच, फक्त तिकडचे सायबेरिया-मध्य आशियातनं येतात आणि इकडचे अलास्का-कॅनडातनं.

आण्णा दोन वर्षांपूर्वी इथे आले होते. मी एक तलवार घेऊन घरी आलो, अंगणात पिसं काढत बसलो होतो, ते मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाहुणा आहे रे तो." एवढंच. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांना पाहुणे म्हणतात, लहानपणापासून तोच शब्द ऐकलाय, पण त्या दिवशी तो पोटात गेला. त्या रात्री आईनं काळा मसाला घालून रस्सा केला, आण्णांनी नुसती भाकरी आणि पिठलं खाल्लं.

मी शिकार सोडली नाही. का सोडली नाही ते नीट सांगायचा प्रयत्न करतो.

मला यात आणलं युबा सिटीच्या आमच्या अंकलनी. पंजाबी माणूस, अक्रोडाची बाग, वय सत्तरच्या पुढे, गेली चाळीस वर्षं सटर, कोलुसा, डेलेव्हन या सगळ्या रेफ्युजवर जातायत. स्वतःची जमीन असून तिच्यावर पाणी नाही, आणि इथले खाजगी डक क्लब, म्हणजे शिकारीसाठी स्वतःची तळी राखणारे, हे पैसेवाल्यांचं काम, त्यामुळे त्यांच्यासारख्या-माझ्यासारख्या माणसाला रेफ्युज हाच आधार. शनिवार, रविवार आणि बुधवार असे तीन दिवस. आधी ऑनलाइन अर्ज करायचा, सोडत निघते, नंबर लागला तर रिझर्व्हेशन. नाही लागला तर चेक स्टेशनवर, म्हणजे रेफ्युजच्या नोंदणी नाक्यावर, जाऊन तिथल्या चिठ्ठीत नाव टाकायचं, त्यातही नाही आलं तर रांग, तिला स्वेट लाइन म्हणतात, लोक पिकअपमध्ये झोपतात, आतनं कुणी बाहेर आलं की रांगेतला पुढचा आत. डॉक्टर असो की वेल्डर, चिठ्ठीला सगळे सारखे. पहाटे साडेतीनला त्या पार्किंगमध्ये उभं राहून बघा, दहा भाषा ऐकू येतात, व्हिएतनामी, ह्मोंग, स्पॅनिश, पंजाबी आणि मी असलो तर फोनवर मराठी.

नियम कडक आहेत आणि ते असलेच पाहिजेत. आत जाताना जवळ २५ काडतुसंच न्यायची, जास्त नाही. छर्रे शिशाचे चालत नाहीत, पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून देशभर बंदी आहे, कारण तळ्यात पडलेलं शिसं पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधा होऊन मरतात. बंदुकीत एका वेळी तीनच बार. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू, सूर्यास्ताला बंद. आणि बाहेर पडताना परमिट परत द्यायचं, किती पक्षी, कुठल्या जातीचे, सगळं मोजून लिहिलं जातं. २५ काडतुसांचा नियम मला सगळ्यात आवडतो. तो माणसाला थांबायला शिकवतो. पक्षी साठ यार्डांवर असताना बार काढणारा माणूस साडेआठला रिकामा होऊन घरी जातो, आणि त्याच्या बारांनी जखमी झालेले पक्षी कुठेतरी पाणकणसात जाऊन मरतात.

हे मी दुसऱ्याला सांगत नाहीये. माझ्या पहिल्या वर्षी कोलुसाला माझ्याच हातून झालं. धुकं होतं, इथलं टुली धुकं म्हणजे स्वतःच्या बुटाचं टोक दिसत नाही. एक जोडी खाली आली, मी घाई केली, मादीला एक-दोन छर्रे लागले, ती तिरकी उतरत गेली आणि शंभर पावलांवरच्या लव्हाळ्यात दिसेनाशी झाली. आम्ही दोघं सव्वा तास शोधत होतो, कमरेपर्यंतच्या वेडर्समध्ये (पाण्यात उतरायच्या रबरी विजारी), प्रत्येक झुडूप हातानं बाजूला करून. एक पीस मिळालं, पाण्यावर तरंगत होतं, तपकिरी, कडेला फिकट नक्षी. पक्षी नाही मिळाला. अंकल म्हणाले, "वो तेरे हिसाब में है." तेव्हापासून न सापडलेला पक्षी मी माझ्या कोट्यात धरतो, आणि डिकॉय, म्हणजे पाण्यावर ठेवायची नकली बदकं, मांडले त्याच्या पलीकडच्या पक्ष्यावर बंदूक उचलत नाही. ते पीस अजून माझ्या लायसनच्या पाकिटात आहे.

आता यंदाचं, २०२५ च्या सीझनचं. सगळे विचारतायत की सीझन कसा जाईल. उत्तरेत बदकं वीण करतात तिथे दरवर्षी उन्हाळ्यात जे सर्वेक्षण होतं त्याचे २०२५ चे आकडे आलेत, एकूण बदकं साधारण ३ कोटी ४० लाख, म्हणजे गेल्या वर्षीइतकीच, १९५५ पासूनच्या सरासरीपेक्षा थोडी कमी. तलवार साधारण २२ लाख, गेल्या वर्षी २० लाखांच्या आत होती, म्हणजे वाढली, पण सरासरीच्या मानानं अजून चाळीसेक टक्के कमी. १९५० च्या दशकात हीच तलवार १ कोटीच्या घरात होती हे लक्षात ठेवा. ती घरटं करते कुठे, तर कॅनडा-डकोटाच्या शेतांमध्ये, गेल्या हंगामाच्या धसकटांत, आणि वसंतात सगळ्यांच्या आधी, मग नांगर फिरतो आणि अंडी जातात. त्यात त्या भागातली तळी यंदा गेल्या वर्षीपेक्षा बरीच कमी भरली होती. पाणी कमी म्हणजे पिल्लं कमी, आणि पिल्लं कमी म्हणजे जे थवे येतील त्यात जुनी, चार हिवाळे पाहिलेली बदकं जास्त. ती डिकॉयला फसत नाहीत. तीन चकरा मारतात, तोंड बघतात आणि जातात. त्यामुळे आकडा गेल्या वर्षीइतकाच असला तरी हातात तितकं येईल असं धरून चालू नका.

पण माझा अनुभव असा आहे की उत्तरेत किती पैदास झाली त्यापेक्षा इथे खोऱ्यात पाणी किती आहे त्यावर सगळं ठरतं. अंकल तर फोनवर आकड्यांचं ऐकूनच घेत नाहीत, "पहले पानी बता" म्हणतात. सॅक्रामेंटो खोऱ्यात साधारण पाच लाख एकर भात होतं, विमानातून पेरतात. पूर्वी काढणीनंतर पेंढा जाळायचे, १९९१ च्या कायद्यानं ते टप्प्याटप्प्यानं बंद केलं, मग शेतकऱ्यांनी पेंढा कुजवायला हिवाळ्यात शेतात पाणी सोडायला सुरुवात केली, आणि ती शेतं बदकांचं ताट झाली. सेंट्रल व्हॅलीतल्या मूळ पाणथळीपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त केव्हाच गेल्यात, त्यामुळे आता ही भातशेतं आणि ही रेफ्युजं एवढंच काय ते उरलंय. २०२२ ला दुष्काळात भात निम्म्यावर आलं, विलोज-कोलुसाकडे मैलोन् मैल उघडी भेगाळलेली जमीन, आणि रेफ्युजची तळीसुद्धा उशिरा आणि थोडीच भरली. त्या वर्षी जेवढं पाणी होतं त्यावर पक्षी नुसते खच्चून बसलेले. अशा गर्दीत रोग पसरतो. वर उत्तरेला टुली लेकच्या रेफ्युजवर २०२० मध्ये बॉट्युलिझमनं, म्हणजे जिवाणूंच्या विषानं होणाऱ्या रोगानं, साधारण साठ हजार पक्षी मेले, एकाही बंदुकीशिवाय.

यंदा तसं नाहीये. ओरोव्हिल धरण सलग तिसऱ्या वर्षी काठोकाठ भरलं, असं धरण झाल्यापासून पहिल्यांदाच झालंय. भात पूर्ण आहे, रविवारी परत येताना मॅक्सवेलच्या आसपास कंबाइन चालू होती आणि काढून झालेल्या शेतांत पाणी सोडायचं काम सुरू होतं. म्हणजे पक्ष्यांना खायला-बसायला मुबलक. शिकाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर याचा एक तोटा आहे, पक्षी पसरतात, रेफ्युजवरच यायची गरज त्यांना राहत नाही, आणि सुरुवातीचे आठवडे झाले की नोव्हेंबरच्या स्वच्छ उन्हाच्या दिवसांत आकाश रिकामं असतं. मला विचाराल तर पहिला शनिवार आणि मग थेट डिसेंबर, वादळ आलं की त्याच्या आदल्या दिवशी किंवा उत्तरेचा वारा सुटला की. मॅलार्डची, म्हणजे हिरव्या डोक्याच्या मोठ्या बदकाची, आशा मात्र फार धरू नका, इथे मारली जाणारी बहुतेक मॅलार्ड इथेच जन्मलेली असतात आणि इथली त्यांची वीण गेली कित्येक वर्षं कमी होत चाललीय. टील (लहान चणीची बदकं) आणि थापट्या भरपूर मिळतील. थापट्याला लोक नावं ठेवतात पण भातावर पोसलेला थापट्या कांदा-लसणात मंद आचेवर शिजवून बघा आणि मग बोला.

आणि तलवार. दिवसाला एकूण सात बदकांची मर्यादा आहे, त्यात गेली काही वर्षं तलवार एकच मारता यायची, यंदा तीन केलीयत. शास्त्रज्ञांनी नवं गणित मांडलं, त्यात शिकारीचा परिणाम आधी धरला होता तेवढा नाही असं निघालं. त्यांनी अभ्यास केलाय, मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण मी एकच घेणार आहे, तोही नर, तोही एकदम जवळ आला तर. चाळीस टक्के कमी असलेल्या पक्ष्याच्या बाबतीत मला तीनची गरज वाटत नाही. चेक स्टेशनच्या रांगेत याच्यावर जोरदार बोलणी होणार हे मला माहितीय, होऊ देत.

शिकाऱ्याला दरवर्षी पंचवीस डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प घ्यावा लागतो, १९३४ पासून आहे, त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जमीन विकत घेण्यात किंवा कायमची राखून ठेवण्यात जातात. बंदुका आणि काडतुसांवर जो कर आहे तोही १९३७ च्या कायद्यानं राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. हे मी आण्णांना त्या रात्री सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बंदूक नसलेला माणूस तो स्टॅम्प घेऊ शकत नाही का?" घेऊ शकतो. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन त्यांनी स्वतःच्या पैशानं एक घेतला, वहीत जपून ठेवलाय, निफाडला.

परवा त्यांचा फोन आला. गोदावरीला यंदा पाणी खूप होतं, नांदूरला गाळ आणि पाणवेली वाहून गेल्यात, पाणी अजून गढूळ आहे, तलवार आली नाही, दिवाळीनंतर बघायला जाणार म्हणाले. मग विचारलं, "तुझ्याकडं आली का?" मी म्हटलं आली, दीडशे-दोनशे मोजली रविवारी. "पाणी आहे ना त्यांना पुरेसं?" मी म्हटलं यंदा आहे. पहिल्या शनिवारचा माझा नंबर लागलेला नाही, अंकलचा डेलेव्हनचा लागलाय, त्यांच्याबरोबर जाईन. रात्री दोनला निघायचं ठरलंय, वेडर्सच्या डाव्या गुडघ्यापाशी एक भोक आहे ते उद्या चिकटवायचंय.